घरातल्या आठवणींतून विश्वासाचे धडे

बायबलमधल्या तीमथ्य या तरुण सेवकाचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, असं प्रेषित पौल त्याला पत्रात लिहितो (२ तीमथ्य १:५). असा वारसा आपल्याही घरात असतो, पण तो विचारावा लागतो. आजीला “तुझा विश्वास कसा वाढला?” असं विचारलं की उत्तर मोघम येतं. “आजोबा आजारी होते तेव्हा तू देवाकडे काय मागायचीस?” असं विचारा. ऐकलेलं तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. त्याला जुळणारं बायबलमधलं वचन नंतर शोधा. वचनात बसावी म्हणून आठवण वाकवू नका. उत्तर न मिळालेल्या प्रार्थनाही लिहाच. स्तोत्र १३ सुरूच होतं ते परमेश्वर कोठवर विसरणार, या प्रश्नाने. मुलांना सांगायला खास बैठक नको: बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं वचन (६:७) घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोलायला सांगतं.