कॅम्पिंगसाठी गाडीत दुसरी बॅटरी नको, पॉवर स्टेशन घ्या

गुहागर-तारकर्लीला टेंट टाकून दोन रात्री राहायचं, एवढ्यासाठी गाडीत दुसरी बॅटरी, आयसोलेटर (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा स्विच), जाड वायरिंग असलं काही करत बसू नका, खर्च होतोच आणि नव्या गाडीची वॉरंटी पण अडचणीत येऊ शकते. त्यापेक्षा ५०० वॅट-अवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेला उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा घ्या, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलवालंच, ते जास्त वर्षं टिकतं. हिशोब सोपाय, छोटा १२ व्होल्टचा फ्रिज कंप्रेसर चालू असताना साधारण ४५ वॅट खातो, कोकणातल्या उकाड्यात निम्मा वेळ चालू धरा, म्हणजे १० तासांत सव्वादोनशे वॅट-अवर, उरलेल्यात एलईडी आणि मोबाईल आरामात. गाडीच्या सॉकेटमधून जेमतेम १०० वॅट मिळतात त्यामुळे फुल चार्जला पाच-सहा तास जातात, पण मुंबईहून तारकर्लीपर्यंत तेवढं ड्रायव्हिंग होतंच की! फक्त इंजिन बंद केलं की प्लग काढा, काही गाड्यांत सॉकेट चालूच राहतो, गाडीची बॅटरी उतरते आणि मग सकाळी गाडी सेल्फ घेत नाही.

आणि प्लीज, पॉवर स्टेशन दुपारी बंद गाडीत उन्हात ठेवू नका, थेट वाळूवर पण नको, फॅनमधून बारीक रेती आत ओढली जाते. सुरूच्या झाडांच्या सावलीत क्रेट उलटा घालून त्यावर ठेवा.