रेस कारला पेट्रोलचा पाइप कुठला घ्यायचा?

गाडी रेससाठी बनवताना इंजिन, टायर, सस्पेन्शन यावर महिनाभर डोकं लावतात आणि पाइप मात्र दुकानात दिसेल तो चकचकीत जाळीवाला उचलतात, हे मला बघवत नाही. गरम एक्झॉस्टवर पेट्रोलची बारीक धार उडाली तरी गाडी पेटायला पुरते.

तर सगळ्यात आधी, पाइपातून काय वाहणार ते ठरवा. नेहमीच्या ब्रेक ऑइलला ईपीडीएम नावाचं रबर चालतं, पण तेच रबर पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागलं की फुगतं, आणि नायट्राइल या दुसऱ्या रबराचं नेमकं उलटं, ते ब्रेक ऑइलमध्ये खराब होतं. कूलंटला सिलिकॉन छान, पण पेट्रोलला अजिबात नको, त्यातून पेट्रोल झिरपतं. शिवाय आता आपल्याकडे पंपावर ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला कडक करतं, भेगा पाडतं, म्हणून जुन्या गाडीतला मूळ पाइप ठेवूच नका.

मग पाइपावरचं छापील वाचा. एसएई जे३० हे पेट्रोलच्या पाइपांचं मानक, त्यातला आर७ हा कार्ब्युरेटरवाल्या कमी प्रेशरचा, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला आर९ घ्या, कारण तिथे साधारण ३ बार प्रेशर असतं. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडणाऱ्या तुकड्याला आर१०च लागतो, आर९ आतून टिकाऊ असला तरी बाहेरून बुडवायला बनलेला नसतो.

बजेट असेल तर टेफ्लॉन लायनिंगचा, वर स्टीलची जाळी असलेला पाइप घ्या, इथेनॉलचा त्याला फरक पडत नाही आणि गॅरेजमध्ये पेट्रोलचा वासही येत नाही. फक्त लायनिंग काळं, कार्बनवालं आहे ना ते विचारा, कारण पेट्रोल वेगाने वाहताना स्टॅटिक साठतं आणि साध्या पांढऱ्या टेफ्लॉनला त्या ठिणगीने सुईएवढी भोकं पडू शकतात. नुसती वरची जाळी बघून घेऊ नका, आत साधं रबरही असतं, आणि दोघांची फिटिंग वेगळी लागतात. टेफ्लॉनच्या फिटिंगमधली पितळी रिंग एकदा दाबली गेली की परत वापरायची नाही, दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा.

साइज सोपी आहे, असे पाइप आणि फिटिंग एएन नंबरने मिळतात, हा नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग, त्यामुळे एएन ६ म्हणजे ३/८ इंच, साध्या चार सिलिंडर इंजिनला भरपूर झाला. एएन फिटिंगच्या तोंडाच्या उताराचा कोन ३७ अंश असतो, ४५ अंशवाल्याशी जोडलंत तर काही साइजमध्ये आटे बसल्यासारखे वाटतील पण गळणारच.

बसवताना पाइपाला पीळ देऊ नका, टेफ्लॉन तर जास्त वाकवला की चिमटतो आणि तिथेच कमजोर होतो. जाळी कानशीसारखी घासते, शेजारची वायर, ब्रेक पाइप सगळं कापते, म्हणून पाइप जागेवर धरून ठेवायला जागोजागी रबरवाल्या पी क्लिप मारा. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून नेताना बल्कहेड फिटिंग (पत्र्याला आरपार बसणारा जोड), एक्झॉस्टजवळ फायर स्लीव्ह, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण. रबरी पाइपावर स्क्रू ड्रायव्हरने पिळायच्या भोकाभोकांच्या क्लिपा नकोत, त्या रबर कापतात, इंजेक्शनसाठीच्या गुळगुळीत कडेच्या घ्या.

शेवटी इंजिन बंद ठेवून फक्त गाडीतला फ्युएल पंप चालू करा आणि गळती बघायला कोरडा टिश्यू प्रत्येक जोडावर फिरवा, जवळ फायर एक्स्टिंग्विशर हवाच. पहिल्या सेशननंतर गाडी थंड झाली की टिश्यू परत एकदा फिरवा, गरम-थंड होताना एखादं फिटिंग सैल पडतं.