इटालियन शिकायचंय? दुपारच्या जेवणापासून सुरुवात करा

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत तुमच्या कंपनीत मशीन बसवायला इटलीचं कोणी येणार असेल, नाहीतर घरातलं पोरगं तिकडं शिकायला निघालं असेल, तर आधी जेवणाचं बोलायला शिका, जेवणाची चौकशी केली की पुढच्या गप्पा आपोआप सुरू होतात.

दुपारचं जेवण म्हणजे प्रांजो. हा ज 'जरा' मधला, 'जीवन' मधला नाही. इथे आपला मोठा फायदा आहे, दोन्ही ज आपल्या जिभेवर लहानपणापासून आहेत. जेवलास का म्हणजे 'आय ज्या प्रांजातो?', यातला ज्या 'जीवन'वाला आणि प्रांजातो 'जरा'वाला. साहेब किंवा वयाने मोठं माणूस असेल तर आय ऐवजी नुसतं आ म्हणा, झालं जेवलात का. उत्तर सी (हो) नाहीतर नोन आंकोरा (अजून नाही). भूक लागली तर 'ओ फामे'. रोज आपलाच डबा सांगायची प्रॅक्टिस करा, 'आ प्रांजो मांज्यो रीसो ए लेंतिक्क्ये', दुपारी वरणभात खातो. आणि पाहुण्याला मिसळ खायला नेलंत तर 'मोल्तो पिक्कांते', फार तिखट आहे हे आधीच सांगून टाका.

व्हेज लोकांनी पुढचं नीट पाठ करा. 'सोनो वेजेतारियानो', बाई असेल तर वेजेतारियाना. पण तेवढ्यावर थांबू नका, सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा असं स्पष्ट सांगा, म्हणजे मटण-चिकन नको, मासे नको, अंडी नको. रिसोत्तो भाताचा असला तरी बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून 'चे ब्रोदो दि कार्ने?' (यात मांसाचं पाणी आहे का?) विचाराच. पार्मिज्यानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी 'सेंत्सा पार्मिज्यानो'. उलट पेपेरोनी दिसलं तर घाबरू नका, आपल्याकडे पिझ्झ्यावर पेपरोनी म्हणजे मांसाचे काप असले तरी तिकडं ती ढोबळी मिरची.

मेन्यूत प्रीमो म्हणजे पास्ता नाहीतर भात, सेकोंदो मांस-मासे, कोंतोर्नो भाजी, सगळं एका ताटात येत नाही आणि फक्त प्रीमो मागवला तरी चालतं. वेळ मात्र पाळा, साधारण साडेबारा ते अडीच, नंतर बऱ्याच ठिकाणी किचन थेट संध्याकाळीच उघडतं. जेवणावर कापुच्चिनो शक्यतो मागू नका, तो सकाळचा, 'उन काफ्फे' म्हटलं की छोटी एस्प्रेसो येते. बिलासाठी 'इल कोंतो, पेर फावोरे'. त्यात कोपेर्तो लिहिलेलं दिसलं तर तो माणशी बसण्याचा चार्ज असतो, वाद घालू नका.