'फ्रँकेन्स्टाइन'वर लघुप्रबंध लिहिताना मला नडलेली गोष्ट

एम.ए.ला असताना मी 'फ्रँकेन्स्टाइन'मधील नैतिक जबाबदारी आणि एकाकीपणा हा विषय घेतला. कथानक मला तोंडपाठ होते, तरीही तोंडी परीक्षेत "हे वाक्य कोणाचे?" या पहिल्याच प्रश्नावर माझी दांडी उडाली. मी कादंबरीच्या लेखिका मेरी शेली यांचे नाव सांगितले. वाक्य कादंबरीचा नायक, शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनचे होते.

या कादंबरीत लेखिका जबाबदारीविषयी स्वतः काहीच बोलत नाही. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रे लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टर आपली हकीकत सांगतो आणि त्या हकिकतीच्या पोटात त्याने घडवलेला, नावही न मिळालेला जीव आपली कैफियत मांडतो. शिवाय वॉल्टनने उतरवलेली टिपणे व्हिक्टर मागून घेतो, दुरुस्त करतो, त्यांत भर घालतो. म्हणजे आरोपीनेच स्वतःचा जबाब तपासून दिलेला आहे, आणि मी तो निकालपत्र समजून वाचत होते. म्हणून प्रत्येक अवतरणाशेजारी कोण बोलतो आणि कोणाला, हे आधी लिहा. आवृत्तीही ठरवून घ्या. 1831 च्या सुधारित आवृत्तीत व्हिक्टरच्या तोंडी दैवाची भाषा 1818 च्या पहिल्या आवृत्तीपेक्षा वाढली आहे आणि मी दोन्हींची सरमिसळ केली होती.

"आधी दोषी कोण ते ठरव, मग लिही," असे सांगणारे मार्गदर्शक मला मिळाले होते. अशा सल्ल्याने प्रकरणे लवकर होतात, वाचन मात्र तिथेच थांबते. गाइडांविषयी तर न बोललेले बरे.

व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम याच्या खुनासाठी घरातील निरपराध नोकराणी जस्टिनला फाशी होते, तो प्रसंग सावकाश वाचा. खरा खुनी आपण घडवलेला जीवच आहे, याविषयी व्हिक्टरच्या मनात शंका नसते. पण लोक वेड्यात काढतील म्हणून तो गप्प राहतो. त्याचा एकाकीपणा हा असा आडोसा आहे. डी लेसी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून भाषा शिकणाऱ्या आणि अखेर त्या घरातील मुलगा फेलिक्स याच्या हातचा मार खाऊन पळणाऱ्या जीवाचा एकाकीपणा लादलेला आहे. मात्र त्याची कीव आली म्हणून विल्यमचा खून त्याच्या खात्यातून वजा होत नाही. येथे गोंधळ उडाला तर घाबरू नका; माझा वर्षभर उडाला होता.

मरताना व्हिक्टर म्हणतो की, आपल्या गतवर्तनात त्याला दोष दिसत नाही. परीक्षेत विचारलेले वाक्य तेच. माझ्या प्रतीत त्यासमोर पेन्सिलीने 'लेखिकेचा निष्कर्ष' असे लिहिलेले आहे. ते मी मुद्दाम खोडलेले नाही.