आधी मासा बघा, मग ऑर्डर द्या

कोल्हापुरात समुद्र नाही. रत्नागिरी-मालवणचा मासा आंबा घाट नाहीतर गगनबावड्याचा घाट चढून येतो. म्हणून भारीतल्या सी-फूड हॉटेलात बसलात की मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि मासा ताटात घालून दाखवायला सांगा. यात लाजायचं काही नाही. कल्ला उचलून बघा: आत लालभडक हवा, तपकिरी नको. डोळा फुगीर, चकचकीत. बोटानं दाबलं की खड्डा लगेच भरून यायला हवा. कार्डावर ‘साइझप्रमाणे’ लिहिलं असेल तर वजन आणि दर आधीच विचारा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमईपेक्षा गोड्या पाण्यातली मरळ बरी. आणि तांबड्या रश्श्याची कितीही सवय असली, तरी ताजं पापलेट रवा लावून तळलेलंच घ्या. झणझणीत मसाल्यात त्याची गोडी जाते.