डायग्नोसिसचा कागद हातात आल्यावर काय काय करायचं

मला बायपोलर, म्हणजे कधी पार खचणं तर कधी अति उत्साह चढणं असा मानसिक आजार, आहे हे कळलं तेव्हा मी 29 वर्षांची होते. त्याआधी चार वर्षं नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, कारण मी डॉक्टरांकडे जायचे ती फक्त खचल्यावर. तीन तास झोपून पण फ्रेश वाटतंय, डोकं पळतंय, पगार आठवड्यात उडतोय, अशा वेळी कोण जातं दवाखान्यात? त्यामुळे त्या दिवसांबद्दल कधी बोललेच नाही. म्हणून पहिलं हे सांगते की डॉक्टरांना चांगले वाटणारे दिवस पण सांगा, आणि जमलं तर तुमच्यासोबत राहणाऱ्या माणसाला एकदा बरोबर न्या. माझ्या आईने पाच मिनिटांत जे सांगितलं ते मी चार वर्षांत सांगितलं नव्हतं.

डायग्नोसिस झालं की ते लेखी मागा. केसपेपरवर बहुतेक वेळा नुसता कोड असतो, एफ31 म्हणजे बायपोलर, एफ32 म्हणजे डिप्रेशनचा एपिसोड, तर याचा अर्थ काय, किती खात्री आहे, अजून कशाची शक्यता वाटली होती, हे तिथेच बसून विचारा. विचारायला लाजू नका, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला तुमचे मेडिकल रेकॉर्ड मागायचा हक्क दिलाय आणि तुमची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरांवर टाकलीये. सगळे कागद एका फाइलला लावा, तारखेप्रमाणे, मोबाइलमध्ये फोटो पण ठेवा. डॉक्टर बदलला, गाव बदललं की पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागत नाही.

मग गोळ्या. मला लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, लागलं, त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. लिथियमचं रक्तातलं प्रमाण तपासावं लागतं, आधीच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी रक्त द्यायचं, म्हणजे रात्री गोळी घेत असाल तर सकाळची गोळी न घेता लॅबमध्ये जायचं. थायरॉइड आणि किडनीच्या टेस्टही ठरलेल्या काळाने करायच्या. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम वाढतं, म्हणून जुलाब-उलट्या, कडक उन्हाळा, हरतालिकेचा निर्जळी उपवास, सगळीकडे सांभाळा. मी निर्जळी सोडली, घरात कुरकुर झाली, मग सासूबाईंना डॉक्टरांकडेच नेलं तेव्हा पटलं. एकदम अळणी खायला सुरुवात करायची असेल तरी आधी विचारा. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका, त्यानेही लेव्हल वर जाते. हात खूप थरथरायला लागले, तोल जायला लागला, बोलणं जड झालं तर फॉलोअपची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं मी एकदा केलंय, तीन महिन्यांनी ॲडमिट होते.

आता इन्शुरन्स. मला एजंट म्हणाला, मॅडम हे फॉर्मवर लिहू नका. मी लिहिलं, आणि तुम्ही पण लिहा, कारण लपवलेलं नंतर सापडलं तर क्लेम जातो, मग तो अपेंडिक्सचा का असेना. प्रीमियम जास्त पडेल, आधीच्या आजाराला वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, लागेल, तो आता जास्तीत जास्त 36 महिने आहे. पण मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं हे त्याच 2017 च्या कायद्यात आहे, त्यामुळे "आम्ही हे कव्हरच करत नाही" असं कोणी म्हटलं तर लेखी द्या म्हणायचं. ओपीडीचा खर्च मात्र बऱ्याच पॉलिसींमध्ये मिळत नाही, तो खिशातूनच धरा.

ऑफिसमध्ये सांगायचं का? मी सगळ्यांना सांगितलं नाही. रजेसाठी "उपचार चालू आहेत" एवढं सर्टिफिकेट बहुतेक वेळा चालतं, डॉक्टरांना तसं लिहून मागा. रात्रपाळी मात्र बंद करून घेतली, झोप मोडली की माझं सगळं मोडतं, आणि त्यासाठी एका मॅनेजरला खरं सांगावं लागलं.

नातेवाइकांत कोणीतरी म्हणणारच, की आता हिच्या सहीला काय अर्थ. कायद्यात स्पष्ट आहे की नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरून माणूस कायद्याच्या भाषेत वेडा ठरत नाही, त्यासाठी कोर्टाने तसं ठरवावं लागतं. तरी एक करा, बरे असताना साध्या कागदावर, सही करून, तुमचा नामनिर्देशित प्रतिनिधी कोण ते लिहून ठेवा. पुढे तुम्हाला निर्णय घेता येत नसतील तेव्हा तुमच्या बाजूने कोण बोलणार हे तुम्हीच ठरवलेलं बरं, नाहीतर त्या वेळी जो मोठ्याने बोलेल त्याचं चालतं.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट सगळ्यांना लागत नाही आणि नुसत्या डायग्नोसिसवर मिळतही नाही. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे, पण स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम यांवर किती परिणाम झालाय ते मोजून टक्के ठरतात, आणि नोकरीतल्या आरक्षणासारख्या सोयींना 40 टक्के लागतात. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. तेवढे टक्के असले तर इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत 80यू खाली 75,000 ची वजावट पण मिळते.

लग्न ठरत असेल तर साखरपुड्याआधी सांगा, समोर बसून, गोळ्यांच्या नावासकट. मी सांगितल्यावर दोन स्थळं गेली, तिसरा डॉक्टरांना भेटायला आला, त्याच्याशीच लग्न झालं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, बायपोलरवर देतात त्या व्हॅल्प्रोएटसारख्या काही गोळ्या गरोदरपणात बाळाला धोकादायक असतात, पण म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत, बदलून घ्यायच्या.

पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. "येरवड्याला पाठवा" हे आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, पण तिथल्या ओपीडीत रांगेत बसलेली माणसं तुमच्याआमच्यासारखीच डबा घेऊन आलेली असतात. आणि रात्री-अपरात्री जीव नको वाटायला लागला तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, 24 तास चालतो, मराठीत बोलता येतं. घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये पण तो आजच सेव्ह करून द्या.