दोन चाकांवरून तीन चाकांवर येताना: कोल्हापुरात तीनचाकी स्कूटर चालवावी आणि सांभाळावी कशी

दुचाकीला जादा चाके लावली की ती पडत नाही, अशा समजुतीने बहुतेक लोक तीनचाकीकडे वळतात, आणि ही समजूत अर्धीच खरी आहे. उभी असताना, चौकात थांबताना किंवा चिखलातून हळू जाताना ती पडत नाही. परंतु दुचाकी वळणावर जशी आतल्या बाजूला कलते तशी तीनचाकी कलू शकत नाही, त्यामुळे पडण्याचा धोका थांब्यावरून उठून वळणावर जाऊन बसतो. मी बावीस वर्षे दुचाकी चालवली आणि उजवा पाय घोट्यापासून अधू झाल्यावर गेली सहा वर्षे साइड व्हील, म्हणजे बाजूची आधाराची चाके, लावलेली स्कूटर चालवतो आहे. हा एवढा फरक मला पहिल्याच दिवशी कोणी नीट समजावून सांगितला असता, तर सुरुवातीचे दोन महिने जीव मुठीत धरून काढावे लागले नसते.

आपल्याकडे ‘तीनचाकी’ या एका शब्दात वेगवेगळ्या गाड्या येतात. पहिली साइडकारची. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरना डाव्या हाताला साइडकार जोडून अख्खे कुटुंब फिरत असे, हे चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सुटी करता येणारी अशी साइडकार जोडलेली गाडी आजही ‘मोटार सायकल’च मानली जाते. दुसरी, आज रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारी, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाके बसवलेली गिअर नसलेली स्कूटर. मोजली तर हिची चाके चार भरतात, पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात. तिसऱ्या प्रकारात पुढे दोन आणि मागे एक चाक असते. २००६ साली आलेली पियाजिओची एमपी-३ ही त्यातली प्रसिद्ध गाडी असून तिची पुढची दोन्ही चाके वळणावर दुचाकीप्रमाणे कलतात, म्हणून चालवण्याच्या दृष्टीने ती दुचाकीच्याच जवळची आहे. पुढचे विवेचन मुख्यतः दुसऱ्या प्रकाराविषयी आहे, कारण आपल्या गावात ज्यांना गरज आहे त्यांच्या हाती तीच गाडी येते.

सर्वांत आधी हँडलविषयी सांगितले पाहिजे, कारण दुचाकीची सवय इथेच दगा देते. दुचाकी थोड्या वेगात असताना आपण डावीकडे वळतो तेव्हा हँडल डावीकडे फिरवत नाही. डाव्या हाताने डावी मूठ किंचित पुढे ढकलतो, त्यामुळे पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे आपल्या नकळत होते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात इतके मुरलेले असते की, असे काही आपण करतो हेच पुष्कळांना पटत नाही. तीनचाकीची डावी मूठ पुढे ढकलली, तर गाडी सरळ उजवीकडे जाते. मला हे रंकाळ्याच्या रस्त्यावर कळले. गाडी घेऊन जेमतेम आठवडा झाला होता, वेग तीसच्या आत होता, आणि उजवीकडून एक कुत्रे आडवे आले. मला डावीकडे व्हायचे होते. हाताने जुन्या सवयीने डावी मूठ ढकलली आणि गाडी कुत्र्याच्याच अंगावर, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला गेली. कुत्रे वाचले आणि समोरून कोणी येत नव्हते म्हणून मीही वाचलो. सावकाश चालवताना डोके हाताला नवी पद्धत सांगू शकते, पण अचानक काही आडवे आले की हात जुनेच करतात. म्हणून सराव शांतपणे वळण्याचा करून भागत नाही, अचानक बाजूला होण्याचा करावा लागतो.

त्यासाठी तपोवन मैदानासारखी मोकळी जागा सकाळी लवकर गाठावी. दोन विटा आठ-दहा पावलांच्या अंतराने ठेवून पंधराच्या वेगाने त्यांना वळसे घालावेत आणि प्रत्येक वळणावर ‘ज्या बाजूला जायचे त्या बाजूची मूठ स्वतःकडे ओढायची’ असे मनाशी, सुरुवातीला तर मोठ्याने, म्हणावे. हे अंगवळणी पडले की बरोबरच्या माणसाला दूर उभे करून त्याने हात दाखवला की त्या बाजूला वळण्याचा सराव करावा. मला रोज अर्धा तास याप्रमाणे तीन आठवडे लागले. ज्यांनी कधी दुचाकी चालवलीच नाही अशांना हे फार लवकर जमते, कारण त्यांना काही विसरायचे नसते.

वळणाचा दुसरा भाग शरीराचा आहे. वळताना गाडी बाहेरच्या बाजूला दबते, शॉकअब (धक्का शोषणारी स्प्रिंग) असलेल्या साइड व्हीलवर तर हे स्पष्ट जाणवते, आणि आतले चाक हलके होते. अशा वेळी चालवणाऱ्याने कंबरेपासून आत झुकावे, आतल्या खांद्याने वळणाकडे जावे. मागे बसणाऱ्यालाही तसेच सांगून ठेवावे, कारण तो घाबरून बाहेर कलला तर सगळा हिशेब उलटतो. पुढे एकच चाक असल्यामुळे वळणाच्या मध्यावर ब्रेक दाबला की भार त्या एका चाकावर येतो, मागची आधाराची चाके हलकी होतात आणि उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा आणि वळण संपेपर्यंत थ्रॉटल (वेगाची मूठ) एकसारखा ठेवावा. सामान पायाजवळ खाली ठेवावे. मागच्या सीटवर तांदळाचे पोते उभे बांधले तर गाडीचा भार वर सरकतो आणि जे वळण रोज सहज जाते त्याच वळणावर आतले चाक उचलते. ते उचललेच, तर ब्रेकवर झडप न घालता थ्रॉटल हळू सोडावा आणि हँडल थोडे सरळ करावे. चाक खाली बसते.

साइडकारवाल्यांसाठी एवढेच लक्षात ठेवावे की ती गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागत नाही. सुटताना ती डावीकडे ओढते, ब्रेक लावताना साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर उजवीकडे जाते, आणि डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलते. म्हणून एकट्याने जाताना तिच्यात वीस-पंचवीस किलोची वाळूची पिशवी ठेवण्याची जुनी रीत अगदी योग्य आहे.

पाय खाली टेकवण्याची सवयही मोडावी लागते. दुचाकीवर थांबताना पाय आपोआप खाली जातो. इथे त्याची गरज तर नसतेच, शिवाय पायाच्या मागून आधाराचे चाक येत असते आणि गाडी जराशी पुढे सरकली तर ते टाचेवर चढते.

गाडी बनवून घेताना घाई करू नये. तयार किट मिळतात आणि शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे हातही आहेत. ओतकाम, लेथ, फॅब्रिकेशन सगळे एका हाकेवर असलेली अशी वसाहत आपल्या गावात आहे, हे तीनचाकीवाल्यांचे मोठे भाग्य आहे. मात्र ज्याने आधी साइड व्हील बसवली आहेत त्याच्याकडेच जावे आणि त्याने बसवलेली एखादी दोन-तीन वर्षे वापरातली गाडी पाहून यावी. वेल्डिंग कुठे तडकले आहे का, आधाराची चाके शॉकअबवर आहेत की थेट लोखंडी पट्टीवर, हे वाकून पाहावे. थेट पट्टीवरची चाके स्वस्त पडतात, पण खड्ड्यात आधाराची दोन चाके कडांवर टेकतात, मधले इंजिनाचे चाक अधांतरी फिरते आणि गाडी जागची हलत नाही. पाय अधू असलेल्या माणसाला तिथून उतरून ढकलता येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

चाके समांतर बसली आहेत की नाहीत हे तपासायला यंत्र लागत नाही. धुऱ्याच्या उंचीवर दोन्ही आधारचाकांच्या पुढच्या कडांमधले आणि मागच्या कडांमधले अंतर सुतळीने मोजावे. दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली पाहिजेत. माझ्या पहिल्या किटमध्ये त्यांत बोटभर फरक होता आणि बसवणाऱ्याने तो दाखवला नाही. दोन महिन्यांनी टायरवर हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीसारखा बोचला. रबर तिरके घासले जात असल्याची ती खूण असते. नवे टायर घालण्याआधी पुन्हा वेल्डिंग करून घ्यावे लागले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सुतळी लावतो आणि टायरवर दोन्ही दिशांनी तळवा फिरवतो.

रस्त्याचा विचार करताना दुचाकी सरस ठरते, हे मोकळेपणाने मान्य करावे. दुचाकीची एकच रेघ असते आणि खड्डा चुकवला की चुकला. तीनचाकीच्या तीन रेघा असतात, त्यामुळे मधले चाक वाचवावे तर बाजूचे जाते. कोणता खड्डा मधून घ्यायचा आणि कोणता एका बाजूच्या चाकाखाली घ्यायचा, हे लांबूनच ठरवावे लागते. रस्ता कडेला उतरता असतो तिथे सगळी गाडी डावीकडे कलून चालते, आणि हँडल सतत उजवीकडे धरून खांदा दुखतो. शक्य तिथे कडेपासून थोडे आत चालवावे. महाद्वार रोड, गुजरी, पापाची तिकटी या भागांत गर्दीच्या वेळी जाऊच नये. गाडीची रुंदी हँडलवरून न मोजता मागच्या चाकांवरून मोजावी आणि ते माप मनात पक्के करावे, कारण पुढचा भाग गेला म्हणून मागचा जातोच असे नाही.

पावसात मात्र पारडे फिरते. शेतातून चाकांबरोबर आलेल्या चिखलाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर दुचाकीवाले पाय सोडून चालतात, तिथे तीनचाकी हळू आणि सरळ निघून जाते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मला माझ्या गाडीबद्दल सर्वांत जास्त कृतज्ञता वाटते. पण पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले असेल तर तिसऱ्या चाकाचा भरवसा धरू नये. वाहत्या पाण्यात ती दुचाकीइतकीच हलकी असते आणि तिची रुंद बाजू प्रवाहाला जास्त धरते.

पन्हाळ्याला किंवा जोतिबाला जायचे असल्यास घाट उतरताना काळजी घ्यावी. गिअर नसलेल्या स्कूटरला इंजिनाचा रोध कमी मिळतो, जादा चाकांचे वजन मागून ढकलते आणि सतत दाबलेला ड्रम ब्रेक तापून ढिला पडतो. ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडावा, पुन्हा दाबावा, आणि लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जाऊ लागला की कडेला थांबून अर्धा तास गाडी निवू द्यावी.

कागदपत्रांचे काम आधी करावे, गाडी तयार झाल्यावर नव्हे. नोंदणी झालेल्या गाडीतील बदलांविषयीची तरतूद मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे. आरटीओची मान्यता घेऊन बदलाची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) करून घ्यावी. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाचा लायसन्समधील वर्ग पूर्वी ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणून ओळखला जाई. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला ‘अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल’ असे नाव दिले. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. हे तीस दिवस मैदानावरच्या सरावासाठी वापरावेत. विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती देऊन पोच घ्यावी. हेल्मेट इथेही घालावेच लागते.

खर्चात टायर आणि ब्रेक लायनर वाढतात, बेल्ट आणि क्लच लवकर झिजतात, आधारचाकांची बेअरिंगे पावसाळ्यानंतर वाजू लागतात आणि पेट्रोल दुचाकीपेक्षा जास्त लागते. पंक्चरची शक्यता चाकांच्या संख्येने वाढते. आधारचाकाच्या मापाची एक जादा ट्यूब डिकीत ठेवावी, कारण ती प्रत्येक दुकानात मिळत नाही.

ज्यांचे पाय धड आहेत आणि केवळ वयामुळे पडण्याची भीती वाटते, त्यांना मी हलकी आणि कमी उंचीची दुचाकी आधी चालवून पाहण्याचा सल्ला देतो. ज्यांचा पाय गाडीचे वजन पेलू शकत नाही, त्यांनी मात्र संकोच न करता तीनचाकी घ्यावी. घरातल्या कोणाच्या मागे न लागता भाजी आणायला, दवाखान्यात किंवा नोकरीवर स्वतःहून जाता येणे किती मोलाचे असते, ते मी रोज अनुभवतो.

गाडी लावताना तोंड नेहमी बाहेरच्या दिशेने ठेवावे. पेट्रोलच्या बहुतेक स्कूटरना रिव्हर्स नसतो आणि बसल्या जागेवरून ही गाडी मागे घेणे फार जड जाते. उतारावर तर विशेष जपावे: गिअर नाही, गाडी स्टँडवर चढवलेली नाही, त्यामुळे चावी काढल्यावर तिला धरून ठेवणारे काहीच नसते. ब्रेक अडकवून ठेवणारा लॉक बसवून घ्यावा, आणि तोवर पायाशी एक त्रिकोणी लाकडी ठोकळा दोरीला बांधून ठेवावा. गाडीवर बसल्या बसल्या तो मागच्या चाकाखाली टाकता येतो आणि निघताना दोरी ओढली की हाती येतो.